ओळखलं नाई का?

आमच्याकडे फोनवर नाव सांगायची रीत नव्हती.

वर्ध्याच्या बाजारात बाबांचं ढेपेचं दुकान होतं. सरकीतून तेल काढून घेतलं की मागे जी पेंड उरते, तिला आमच्याकडे ढेप म्हणतात. गाईम्हशी ती आवडीनं खातात. बाबा मिलमधून ट्रकनं माल आणत आणि गावोगावच्या दुकानदारांना, गवळ्यांना पोचवत. सगळा व्यवहार फोनवर. नव्वदच्या दशकात तो फोन दुकान उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत वाजत असे आणि पलीकडचा माणूस चुकूनही नाव सांगत नसे. "हां, मी बोलून राह्यलो," एवढं म्हणायचा आणि थांबायचा. तो कोण, हे ओळखणं आपलं काम.

"कोण बोलता?" असं विचारणं म्हणजे दारात उभ्या असलेल्या सोयऱ्याला तुम्ही कोण म्हणून विचारण्यासारखं होतं. कुणी विचारलंच तर पलीकडून दुखावलेला आवाज येई, "ओळखलं नाई का?" या प्रश्नापुढे भलेभले गार पडत. ऐकणारा ओशाळायचा, घाईघाईनं डोकं खाजवायचा आणि तोंडाला येईल ते नातं पुढे करायचा. "अरे, ओळखलं ना काकाजी! तुमाले नाई ओळखणार का?" तोवर काकाजी नसलेला माणूसही काकाजी होऊन बसलेला असायचा. मला हा प्रकार तेव्हाही बावळटपणाचा वाटे आणि मी तसं बोलूनही दाखवी. बाबा म्हणत, "तू कॉमर्स शिकली, माणसं नाई शिकली."

मी त्यांची एकुलती एक. बी.कॉम. झाल्यावर दुकानातच बसायला लागले, आणि लग्न होऊन नालवाडीला गेले तरी सकाळी स्कूटीवरून येऊन गल्ल्यामागे बसणं सुरूच राहिलं. सासरी आधी नाकं मुरडली गेली, मग सगळ्यांना सवय झाली. मला फोनवर स्वतःची ओळख कधी पटवून द्यावी लागली नाही. जिल्ह्यातल्या ढेपेच्या धंद्यात बाईचा आवाज एकच होता. "शेठची पोरगी," असं म्हणायचे आणि लगेच पुढे, "शेठले द्या."

शेठचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. जाड, किंचित नाकातला, आणि प्रत्येक वाक्य शेवटी वर चढवणारा. दुकानामागेच आमचं घर. मधल्या दारातून आई चहा आणून देई आणि बाबा फोनवर असले की तिथंच उभी राहून म्हणे, "तो फोन ठेवा अन् खिडकी उघडा. आंजीपर्यंत असाच जाते तुमचा आवाज, फोनचे पैसे तरी वाचतीन." बाबांना या टोमण्याचा अभिमान होता. त्यांच्या नुसत्या आवाजावर मिलमधून ट्रक निघत, कागदपत्रं मागाहून होत. आवाज हीच सही.

ती सही एकदा दुसऱ्यानं केली.

मिल जिल्ह्यातच, पण दुसऱ्या गावी होती. तिथले मुनीमजी बाबांच्या तरुणपणापासून त्यांच्याशी फोनवर बोलत आलेले. त्यांना मराठी सगळं कळायचं, बोलायचे मात्र हिंदी. एका उन्हाळ्यात त्यांना एक फोन गेला. त्या फोनवर काय बोलणं झालं, ते मुनीमजींनी पुढे आमच्या दुकानात बसून, कपाळावर हात मारत मारत, इतक्यांदा सांगितलं की मला पाठ झालं. तो माणूस म्हणाला, "मी बोलून राह्यलो." मुनीमजी म्हणाले, "कौन?" तो म्हणाला, "ओळखलं नाई का?" मुनीमजी ओशाळले आणि नाव त्यांनीच पुरवलं, "अरे सेठजी! आवाज बैठ गया क्या? सर्दी?" तो म्हणाला, "हाव ना, सर्दी झाली." म्हणजे नावही मुनीमजींनी दिलं आणि सर्दीही मुनीमजींनीच दिली. त्या तोतयाला फारसं खोटं बोलावंच लागलं नाही. त्यानं फक्त सांगितलं, की या खेपेची गाडी दुकानी नको, वर्ध्याबाहेरच्या गोदामावर उतरवा. गाडी उतरली. बिल आमच्याकडे आलं तेव्हा ते गोदाम रिकामं होतं आणि गोदामाच्या मालकाला भाडेकरूचं नाव धड ठाऊक नव्हतं. विचारायला त्यालाही संकोच वाटला होता.

नुकसान मिलनं आणि आम्ही अर्धंअर्धं सोसलं, तो भाग मिटला. बाबांना लागलं ते वेगळंच. ते पुन्हा पुन्हा म्हणायचे, "इतकी वर्षं बोलून राह्यलो मी त्यायच्याशी, अन् त्यायले तो माणूस मी वाटलो?"

आई म्हणाली, "कोणी मुनीमजी बनून बोललं असतं, तर तुमाले तरी समजलं असतं का?"

बाबांना ते पटलं.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. बाबांनी आधी सरळ उपाय केला. फोन आला की "ठेवा, मी लावतो" म्हणायचं आणि आपल्याला माहीत असलेल्या नंबरावर उलटा फोन लावायचा. तो उपाय बाजारात चालला नाही. निम्मे लोक एसटीडी-पीसीओवरून बोलायचे. तिथं उलटा फोन लावला तर बूथवाला उचलून म्हणायचा, "गेले ते, बस लागली होती." ज्यांच्या घरी फोन होता ते रुसायचे. पवनारच्या एका गवळ्यानं तर आमच्याकडून ढेप घेणंच बंद केलं. "शेठचा आता माह्या आवाजावर भरोसा नाई," असं तो धाम नदीच्या दोन्ही काठांवर सांगत फिरला. त्याला परत आणायला आईला त्याच्या नातवाच्या बारशाला जावं लागलं.

मग बाबांनी स्वतःच्या डोक्यातून एक रीत काढली. फोनवर ते खुशाली विचारतच असत, ती आता मुद्दाम चुकीची विचारू लागले. सेलूला मुलगी दिलेल्या माणसाला म्हणायचे, "काय म्हणते पोरगी? आर्वीलेच आहे ना?" खरा माणूस लगेच उसळायचा, "आर्वी कुठची शेठ, सेलू! लग्नाले तुम्हीच तर आलते!" तोतया असता तर म्हणाला असता, हाव, मजेत आहे. आमच्याकडचा माणूस एक वेळ स्वतःचं नाव सांगणार नाही, पण दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय राहणार नाही, हे बाबांनी बरोबर हेरलं होतं. पवनारच्या गवळ्याला ते त्याच्या म्हशीच्या मोडक्या शिंगाबद्दल विचारत. त्याच्या गोठ्यात मोडक्या शिंगाची म्हैस कधीच नव्हती, आणि दर खेपेला तो जीव तोडून सांगायचा की सगळ्यांची शिंगं शाबूत आहेत.

यात कुणाचा अपमान होत नव्हता. झालाच तर बाबांचा होत होता. वर्ष सरता सरता बाजारात कुजबुज सुरू झाली, की शेठचं डोकं आता पहिल्यासारखं चालत नाही. लोक त्यांच्याशी फोनवर जरा मोठ्यानं, सावकाश बोलू लागले. आईला याची चीड होती.

"लोकं तुमाले येडं म्हणून राह्यले," ती म्हणाली.

"म्हणू दे. त्यायले वाईट वाटण्यापरीस मी येडा बरा."

त्यांची स्मरणशक्ती म्हणाल तर गावातल्या कुणाची कुठली गाय कधी व्याली हे ते झोपेतून उठून सांगू शकले असते. असा माणूस स्वतःहून विसरभोळा म्हणवून घेत होता, तेही दुसऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून. माझ्या स्वभावाला हे झेपणारं नाही. मला कुणी विसरभोळी म्हटलं तर मी त्याच्या सात पिढ्यांची माहिती त्याच्या तोंडावर फेकीन.

एक पथ्य मात्र ते कटाक्षानं पाळत. कुणाच्या घरी मयत झालेली असेल, आजारपण असेल, सोयरीक मोडलेली असेल, तर त्याबद्दल चुकीचं विचारायचं नाही. "दुखऱ्या जागी बोट ठेवाचं नाई," त्यांनी मला बजावलं होतं. "शिंगं आहेत, जावई आहेत, विहिरी आहेत. विचाराले काय कमी आहे?"

विहीर होती आंजीच्या दुकानदारांसाठी राखून ठेवलेली. हे गृहस्थ बाबांच्याच वयाचे, मोठ्या आंजीत त्यांचं किराण्याचं आणि ढेपेचं दुकान. अतिशय शांत, एक वाक्य बोलून दुसरं बोलावं की नाही याचा विचार करणारे. वर्ध्याला आले की आमच्या दुकानात बसायचे आणि आईच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय उठायचे नाहीत. घरामागच्या गवती चहाची पात टाकून आई चहा करी. "वहिनी, मी या चहासाठी येतो. ढेप तर फोनवरही भेटते," असं ते दर वेळी म्हणत आणि आई दर वेळी तेवढीच खूश होई. या माणसाला बाबा फोनवर विचारायचे, "विहिरीले पाणी किती आहे?" त्यांच्याकडे विहीर नव्हती. "विहीर नाई शेठ, बोअर आहे," ते सांगायचे. वर्षानुवर्षं सांगत आले, न चिडता आणि न हसता.

नव्या शतकाच्या सुरुवातीला नंबर दाखवणारा डबा आला. तो मी हट्टानं घ्यायला लावला. फोन वाजला की पलीकडचा नंबर त्याच्या काचेवर उमटायचा. मी सगळ्यांचे नंबर पाठ करून टाकले आणि बाबांना म्हटलं, "आता तुमची शिंगं पुरे झाली."

बाबांनी त्या डब्याकडे वाकून पाहिलं. "हा नंबर सांगते. माणूस कुठं सांगते?" असं म्हणून त्यांनी शिंगं चालूच ठेवली.

एका दुपारी काचेवर आंजीचा नंबर आला. मीच फोन उचलला. "शेठले द्या," पलीकडचा आवाज घाईत होता. मी नंबर पाहिलेला, म्हणून निर्धास्तपणे फोन बाबांकडे दिला. तो माणूस सांगत होता, की उद्याची गाडी दुकानी आणू नका, दुकानाचं काम काढलं आहे, फाट्यावरच्या शेडमध्ये उतरवा. बाबा म्हणाले, "उतरवतो ना. विहिरीले पाणी किती आहे?"

"भरपूर आहे," तो म्हणाला.

"वा, वा," म्हणून बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे पाहायचं टाळलं. उलटा फोन लावला तर लागेना. बाबा स्कूटर काढून आंजीला गेले. दुकानदार आपले गल्ल्यावर बसलेले, कसलंही काम काढलेलं नाही, आणि फोन सकाळपासून मुका. गावाबाहेरच्या खांबावर तारांचा डबा होता, तिथं कुणीतरी त्यांची तार सोडवून स्वतःचा फोन जोडला होता. नंबर खरा, तार खरी, माणूस तेवढा खोटा. तो कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"तुमाले कसं समजलं शेठ?" दुकानदारांनी विचारलं.

"आवाज वेगळा वाटला," बाबा म्हणाले. विहिरीचं सांगितलं असतं तर इतक्या वर्षांचं बिंग फुटलं असतं. दुकानदार म्हणाले, "असं होय," आणि बाबांसाठी उसाचा रस मागवला. ही सगळी हकिगत बाबांनी मला घरी आल्यावर रंगवून सांगितली. ते फार खुशीत होते.

त्यानंतर मिलपासून पवनारपर्यंत त्यांनी सगळ्यांना निरोप दिला. नंबरावर जाऊ नका. माझाही नंबर दिसला तरी जाऊ नका. आवाज पारखा, आणि आवाज ओळखीचा वाटला नाही तर गाडी सोडू नका. मुनीमजींनी तर हे देववाक्य मानलं, कारण ते एकदा पोळलेले होतेच.

पुढे काही वर्षांनी आई गेली. सकाळी ओट्यापाशी उभी होती, चक्कर येऊन पडली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मातीला निम्मा बाजार आला, मुनीमजी आले, आंजीच्या दुकानदारांनी खांदा दिला. ज्यांना येणं जमलं नाही त्यांचे फोन येत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की बाबा ते फोन घेत नाहीत. कुणी "वहिनींचं ऐकलं" म्हणालं की ते रिसीव्हर माझ्या हातात देऊन मागे पोत्यांकडे निघून जायचे. आई गेली, एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. अगदी बोलायची वेळ आलीच तर म्हणायचे, "घरचं तर ठाऊक आहे तुमाले." मधलं दार त्यांनी लावून घेतलं. चहा टपरीवरून यायला लागला. आंजीचे दुकानदार येत, टपरीचा चहा पीत, आणि चहाबद्दल काही बोलत नसत. मला बाबांचा राग यायचा. आईबद्दल बोलायला माझ्यापाशी दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि जो होता त्यानं तोंड शिवून घेतलं होतं.

मग त्यांचा आवाज बसला. पहिले काही महिने आम्हीही त्याला सर्दीच म्हणत राहिलो, त्या तोतयासारखं. बाबा खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा न खाणारा माणूस आमच्या बाजारात शोधावा लागला असता. नागपूरच्या डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला आणि काय ते सरळ सांगितलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाजाच्या पट्ट्यांचा बराच भाग काढून टाकावा लागला. कित्येक आठवडे बोलायला बंदी होती. भेटायला येणारे खुर्चीवर बसून आपणच बोलत आणि बाबा मान हलवत. आंजीचे दुकानदारही तसेच येऊन, बसून, गेले.

बंदी उठली तेव्हा जो आवाज निघाला, तो सुपात दाणे घोळवल्यासारखा होता. त्या खरखरीतून शब्द वेचून घ्यावे लागत. पहिल्या दिवशी मला तो ऐकवला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

उन्हाळा तोंडावर आला होता. रानातला चारा सरला की ढेपेला मागणी येते, आणि मिलमध्ये वेळेवर सांगून ठेवलं नाही तर माल मिळत नाही. मी बाबांना म्हटलं, "फोन मी करते. माझा आवाज सगळे ओळखतात."

"अन् मी?"

"तुम्ही बसा ना शेजारी. मी सांगीन, बाबांनी सांगितलंय म्हणून."

त्यांनी मान हलवली. मग दम घेत घेत म्हणाले, "मी मी आहो, हे दुसऱ्यानं सांगा लागलं... तर मी कायचा राह्यलो?"

मी फोन त्यांच्यापुढे सरकवला. ढेपेचं काय, ती मीही मागवू शकले असते. या नव्या आवाजात आपल्याला कुणी ओळखतं की नाही, हे त्यांना पाहायचं होतं, आणि ते पाहायची जागा त्यांना फोन ही एकच माहीत होती.

पहिला फोन मिलला लावला. त्यांचं बोलणं क्षीण म्हणून स्पीकर चालू ठेवला होता, त्यामुळे पलीकडचं मलाही ऐकू येत होतं.

"मी बोलून राह्यलो," बाबा म्हणाले.

"कौन?"

"ओळखलं नाई का?"

मुनीमजी आता ओशाळणाऱ्यांतले राहिले नव्हते. "नहीं पहचाना. नाम बोलो."

बाबांनी स्वतःचं नाव सांगितलं. फोनवर त्यांनी आपलं नाव घेतलेलं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. मला ते नाव कुणा परक्याचं वाटलं.

"नाम तो कोई भी ले लेगा भाई," मुनीमजी म्हणाले. "सेठजी का ऑपरेशन हुआ है, वो बोल नहीं सकते. शरम करो कुछ." आणि त्यांनी फोन आपटला.

सर्दी झाली म्हटल्यावर तोतयाला ट्रक पाठवणारे मुनीमजी खऱ्या शेठला शरम करायला सांगत होते. बाबा हसले, पण त्या हसण्याला आवाज नव्हता. मी रिसीव्हरकडे हात नेला, तो त्यांनी बाजूला केला आणि पवनारला लावला. गवळ्यानं आधी लाइन खराब आहे म्हणून फोन तोडला. पुन्हा लावला तर तो भडकला. "शेठच्या नंबरावरून कोण बोलून राह्यला बे तू? शेठनंच सांगून ठेवलं आहे, नंबरावर जाऊ नोको म्हणून!" बाबांना म्हशीच्या शिंगाचं काहीतरी सांगायचं होतं. "म्हशीचं..." एवढं म्हणेपर्यंत पलीकडे कुणी उरलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

बाबांच्या कपाळावर घाम आला होता. "बस झालं आता," मी म्हटलं. त्यांनी आंजीला लावला.

"हॅलो," दुकानदारांचा आवाज आला.

"मी बोलून राह्यलो."

त्यांच्या दुकानात कुणीतरी मीठ मागत होतं, तेवढं ऐकू आलं.

"शेठ का?"

"हाव."

मला वाटलं, सुटलो. पण दुकानदार पुढे बोलायला वेळ घेत होते. मग अगदी नेहमीच्या सावकाश सुरात म्हणाले, "वहिनी काय करून राह्यल्या? मी बुधवारी येतो म्हणा. पातीचा चहा ठेवा म्हणा."

मला संताप आला. ज्या माणसानं तिला खांदा दिला, तो हे विचारत होता. मी स्पीकर बंद करायला वाकले. बाबांनी हात वर करून मला थांबवलं. ते फोनकडे टक लावून पाहत होते. ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. बाहेरून एक बैलगाडी गेली. पलीकडच्या माणसानं "हॅलो" म्हटलं नाही, घाई केली नाही, नुसता फोन धरून राहिला.

"चहा," बाबा म्हणाले आणि थांबले. "चहा कोण ठेवन आता?" पुन्हा थांबले. "ती गेली. ती गेली ना भाऊ. तुम्ही आलते ना मातीले."

"बोला शेठ," दुकानदार म्हणाले. "मले माफ करा. विहिरीचं विचारलं असतं, तर कोणीही पढवलेला माणूस बोअर म्हणून मोकळा झाला असता."

बाबा चमकले. "विहिरीचं... तुमाले ठाऊक होतं?"

"तुम्ही स्कूटरनं आंजीले आलते ना, त्या दिवशीच समजलं. तुम्ही आवाज म्हणाले, पण बोअरवाल्याले दर खेपी विहीर कोण विचारते? मंग मीही बोअर सांगत राह्यलो. तुमचं काम चालू राहाले पाह्यजे."

"हेही... जगाले ठाऊक आहे," बाबा कसेबसे म्हणाले. "ती गेल्याचं. कोणीही सांगितलं असतं."

"सांगितलं असतं," दुकानदार म्हणाले, "पण पटकन सांगितलं असतं. तुमाले जेवढा वेळ लागला, तेवढा दुसऱ्याले लागला नसता."

मग ते ढेपेचं बोलले, गाडीचं बोलले. मिलला मी लावतो फोन, मुनीमजींना समजावतो, असंही म्हणाले. बाबा हाव, हाव म्हणत होते. मी त्यातलं अर्धंच ऐकलं. मी रडत होते आणि मला ते लपवायचंही नव्हतं. माझा राग आंजीवाल्यांवरून केव्हाच उतरला होता.

फोन ठेवल्यावर बाबा उठले आणि त्यांनी मधलं दार उघडलं. मागच्या अंगणात गवती चहाचं बेट कुणी न तोडल्यामुळे कमरेएवढं माजलं होतं. त्यातली चार पाती त्यांनी तोडून आणली आणि ओट्यावर ठेवली. "बुधवारी ते येऊन राह्यले," ते म्हणाले. "तिच्यासारखा जमते का तुले?"

मी पातेलं ठेवलं. आईला मी हजारदा चहा करताना पाहिलं होतं, त्यातलं मला सगळं ठाऊक होतं.

"आई आलं टाकायची ना, बाबा?" मी विचारलं.

"आलं?" बाबा उसळलेच. त्या फाटक्या आवाजात जेवढं उसळता येईल तेवढं. "तिनं कधी आलं टाकलं? आलं तिले चालतच नव्हतं. पह्यले पाणी ठेवे ती, त्याच्यात साखर..." दम लागून ते थांबले, ओट्याला धरून उभे राहिले आणि पुन्हा बोलू लागले. मी गॅस बारीक केला आणि विचारलं, "अन् पात सगळ्यात आधी, हो ना?"